आजोबा कधी येणार?



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 17, श्लोक 15.

सतराव्या अध्यायात भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात: शरीराचं तप, वाणीचं तप आणि मनाचं तप. आजचा श्लोक वाणीच्या तपाचा आहे. साधा अर्थ असा की, ज्या बोलण्याने समोरच्याला उद्वेग होत नाही, जे खरं आहे, जे ऐकायला प्रिय आहे आणि जे हिताचं आहे, असं बोलणं आणि त्याच्या जोडीला स्वाध्यायाचा अभ्यास, याला वाणीचं तप म्हणतात.

कॉलेजात असताना हा श्लोक मला फार सोपा वाटायचा. खरं बोला, गोड बोला. संक्रांतीच्या तिळगुळासारखा. गेल्या तीन वर्षांत मात्र संपूर्ण गीतेत याच्याइतका अवघड श्लोक नाही असं वाटायला लागलंय. त्याचं कारण माझी आजी.

आजी 84 वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमरचं निदान केलं. आजोबांना घरात सगळे अण्णा म्हणायचे. ते एसटीत कंडक्टर होते, सातारा डेपोला. ड्युटी संपवून घरी यायला रात्रीचे साडेआठ-नऊ व्हायचे. ते आल्याशिवाय आजी कधी जेवली नाही. 2011 मध्ये अण्णा गेले आणि आजी पुण्याला आमच्याकडे आली.

आता रोज दिवेलागणीला ती बाल्कनीत जाऊन उभी राहते. चौथ्या मजल्यावरून खाली रस्त्याकडे बघते आणि विचारते, "हे आले नाहीत अजून? गाडी लेट झाली का?"

काय उत्तर द्यायचं? हा प्रश्न ऐकायला घरगुती वाटतो, पण मला तो धर्माचा प्रश्न वाटतो. खरं सांगायचं की खोटं?

आमच्या घरात दोन्ही करून झालंय.

पहिलं उत्तर: खरं

बाबा निवृत्त शिक्षक. खोटं त्यांच्या तोंडून निघत नाही. सुरुवातीला ते आजीला नीट समजावून सांगायचे, "आई, अगं अण्णा गेले. 2011 साली. तू होतीस ना तिथे."

आजीचा चेहरा त्या वेळी कसा व्हायचा ते मला लिहिता येणार नाही. ती पहिल्यांदाच ऐकत असायची. "मला कुणी सांगितलं कसं नाही?" असं म्हणून ती रडायची. मग अर्ध्या तासाने थकून गप्प व्हायची, आणि थोड्या वेळाने पुन्हा बाल्कनीत. "हे आले नाहीत अजून?"

एका संध्याकाळी हे चार वेळा झालं. एका संध्याकाळी माझी आजी चार वेळा विधवा झाली. आणि आम्ही प्रत्येक वेळी शंभर टक्के खरं बोललो होतो.

दुसरं उत्तर: खोटं

त्या रात्री मी ठरवलं, बस्स झालं. दुसऱ्या दिवशी तिने विचारल्यावर मी म्हणालो, "येतील गं आजी, आठपर्यंत येतील."

ती खूश झाली. मीपण खूश. मी लॅपटॉप उघडून कामाला बसलो. आठ वाजता आईने ताटं घेतली तर आजी जेवायला येईना. ते आल्याशिवाय ती कशी जेवणार? दाराशी खुर्ची ओढून बसली. नऊ वाजले. साडेनऊला तिचे हात थरथरायला लागले. "घाटात काही झालं तर नाही ना रे?"

खंबाटकी घाट. माझ्या एका खोट्याने मी तिला तिच्या तरुणपणातल्या सगळ्यात मोठ्या भीतीपाशी नेऊन बसवलं होतं. त्या रात्री ती उपाशी झोपली.

तिसरं उत्तर: आईचं

आई गीता वाचत नाही. वेळच नसतो तिला. काही दिवसांनी ती मेथी निवडत बसली होती, तेव्हा आजी बाल्कनीतून आत आली आणि तोच प्रश्न. आईने मेथी बाजूला ठेवली, आजीचा हात धरून तिला शेजारी बसवलं आणि म्हणाली, "आज फार आठवण येतेय का अण्णांची?"

आजी म्हणाली, "येते गं."

"यायला उशीर व्हायचा ना त्यांना? तुम्ही वाट बघत बसायचात."

आणि आजी बोलायला लागली. खाकी कपडे, खांद्याला कातडी पिशवी, पगाराच्या दिवशी पुडक्यातून आणलेले कंदी पेढे. एकदा पावसात गाडी अडकली आणि ते पहाटे आले, तेव्हा ती कशी भांडली होती. पंधरा मिनिटं बोलली असेल. हसलीसुद्धा. मग आई म्हणाली, "चला, मला भूक लागलीय. माझ्याबरोबर दोन घास खाता का?" आणि आजी उठली.

मी सोफ्यावर बसून हे बघत होतो. नंतर मनात सगळं संभाषण पुन्हा चालवून पाहिलं. आईच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता. एकही शब्द टोचणारा नव्हता.

त्या रात्री मी 17.15 पुन्हा उघडला.

चारही अटी एकदम

आम्ही कोड लिहिणारे लोक 'अँड' आणि 'ऑर' यांच्यातला फरक लगेच बघतो. या श्लोकात 'ऑर' नाही. उद्वेग न देणारं, आणि खरं, आणि प्रिय, आणि हिताचं. एक अट जरी चुकली तरी ते तप नाही. बाबांचं उत्तर खरं होतं, पण त्याने उद्वेग झाला. माझं उत्तर ऐकायला प्रिय होतं, पण खरं नव्हतं आणि शेवटी हिताचंही ठरलं नाही. आणि उद्वेग न देणं ही अट श्लोकात सत्याच्याही आधी येते, हे इतक्या वेळा वाचूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पण यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट मला नंतर कळली. बाबांच्या आणि माझ्या उत्तरात एक साम्य होतं. दोघांनाही प्रश्न संपवायचा होता. त्यांनी खरं सांगून संपवला, मी खोटं सांगून. आईला प्रश्न संपवायचा नव्हता. तिला आजीजवळ बसायचं होतं.

"हे आले नाहीत अजून?" हा माहिती मागणारा प्रश्न नाहीच. मला एकटं वाटतंय, अंधार पडलाय, माझं माणूस कुठे आहे, असं ते म्हणणं आहे. आणि त्या म्हणण्याला एक खरं उत्तर आहे: मी आहे तुझ्याजवळ.

मेंदूत काय होतं

थोडं शास्त्र सांगतो, कारण ते कळल्यावर माझा राग बराच कमी झाला.

अल्झायमरमध्ये बहुतेक वेळा आधी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागाला आणि त्याच्या आसपास इजा होते. नवीन आठवण साठवायचं काम मुख्यतः याच भागाचं. म्हणून आजीला सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण 1965 ची पावसाळी रात्र आठवते. नवीन लिहिलं जात नाही, जुनं वाचता येतं. "आत्ताच सांगितलं ना!" हे वाक्य म्हणूनच निरर्थक आहे. तिच्यासाठी ते 'आत्ताच' झालेलंच नसतं. संध्याकाळी गोंधळ आणि बेचैनी वाढणं हेही या आजारात नेहमी दिसतं.

मग मनात एक विचार येतो, आणि तो धोक्याचा आहे: तिला कुठे आठवणार आहे? मग काहीही बोललं तरी काय फरक पडतो?

पडतो. 2014 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमर असलेल्या लोकांना दुःखी आणि आनंदी प्रसंगांच्या फिल्म दाखवल्या. थोड्याच वेळात फिल्ममध्ये काय होतं ते त्यांना फारसं आठवेना. पण फिल्मने जागी झालेली भावना मात्र पुढेही टिकून राहिली. प्रसंग पुसला गेला, दुःख राहिलं.

हे वाचलं आणि मला माझं पाप आठवलं. वर्क फ्रॉम होम असताना आजी सारखी माझ्या खोलीत यायची. मी म्हणायचो, "दोन मिनिटांत आलो आजी, तू बस बाहेर." आणि दोन तास मीटिंग. तिला आठवणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी दिवसातून दहा वेळा ते बिनधास्त बोलायचो. काही आठवड्यांनी तिने खोलीत येणं बंद केलं. मी जवळ गेलो की हात आखडून घ्यायची. माझं एकही वाक्य तिला आठवत नव्हतं. पण माझ्याकडे गेलं की काहीतरी वाईट वाटतं, एवढं तिच्यात शिल्लक राहिलं होतं.

अण्णांबद्दलचं खोटं निदान तिच्यासाठी होतं. हे खोटं फक्त माझ्या सोयीचं होतं. विसरणाऱ्या माणसाशी बोलताना साक्षीदार कुणी नसतो. म्हणून तिथे आपण कसे बोलतो, तीच आपली खरी वाणी.

"मग माझी आई उरली कुठे?"

बाबांना हे पटवून देणं सोपं गेलं नाही. ते म्हणाले, "तिनेच मला खोटं बोलू नये हे शिकवलं. तिला लहान मुलासारखं गोंजारत राहिलो तर माझी आई उरली कुठे?"

मला हा मुद्दा अजूनही महत्त्वाचा वाटतो. आजारी माणसालाही सत्याचा हक्क असतो. एखाद्या दिवशी आजी अगदी स्वच्छ डोळ्यांनी विचारते, "हे गेले ना रे?" तेव्हा "नाही गं, असं काय बोलतेस" म्हणणं हा तिचा अपमान आहे. तेव्हा "हो आजी, गेले" असंच म्हणायचं आणि हात धरून बसायचं. सत्य ती मागतेय की ते आपण तिच्यावर लादतोय, एवढं ओळखावं लागतं.

महाभारतात कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतात. सदैव खरंच बोलायचं, हे त्याचं व्रत. दरोडेखोरांपासून पळालेले लोक जवळच्या झाडीत लपले. दरोडेखोरांनी कौशिकाला विचारलं आणि त्याने खरं ते सांगितलं. ते लोक मारले गेले, आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. त्याची माहिती बरोबर होती. पण आपल्या बोलण्याने पुढे काय होणार, हे त्याने पाहिलं नाही.

पण हीच गोष्ट घेऊन आपण खोट्याचा परवानाही काढू शकतो. म्हणून मी दुसरी एक गोष्ट सोबत ठेवतो. द्रोणपर्वात अश्वत्थामा मेला असं अर्धसत्य युधिष्ठिर बोलतो, तेही श्रीकृष्णांच्याच सांगण्यावरून. तोवर जमिनीच्या चार बोटं वरून चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकतो. गरज होती, तरीही रथ खाली आलाच.

एकदा रात्री दोन वाजता आजी पिशवी भरून दाराची कडी काढत होती. गावी जायचं म्हणून. मी बोलून पाहिलं, हात धरला, काही चालेना. शेवटी म्हणालो, "आजी, शेवटची गाडी गेली. सकाळी पहिल्या गाडीने जाऊ." ती परत येऊन झोपली. ते खोटं होतं. तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच बोलेन. पण त्याला मी 'थेरपी' म्हणणार नाही. माझा रथ टेकला, हे मला जाणवलं पाहिजे. ज्या दिवशी ते जाणवणार नाही, त्या दिवशी खोटं ही माझी सवय झालेली असेल.

ओळखलंस का मला?

गेल्या वर्षी गौरी-गणपतीला घर भरलं होतं. येणारा प्रत्येक जण आजीसमोर वाकून विचारायचा, "ओळखलं का मला? सांगा बरं मी कोण?" व्हायव्हाच चालू होती तिची. आजी कसंनुसं हसायची, पदर चाळवायची. पाचव्या पाहुण्यानंतर ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण हा प्रश्न आपण कुणासाठी विचारतो? मी अजून तिच्या आठवणीत आहे, हे आपल्याला ऐकायचं असतं. त्यासाठी आपण तिला चारचौघांत नापास करतो. श्लोकातला उद्वेग तो हाच.

आता मी समोरून जातो, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसतो आणि आधी माझंच नाव सांगतो. कधी ती मला तिच्या भावाच्या नावाने हाक मारते, मी ओ देतो. टीव्ही बंद करतो. एका वेळी एकच छोटं वाक्य. "काय खाशील?" यापेक्षा "पोहे की उपमा?" हे तिला सोपं जातं. विचारल्यावर थांबतो, तिला शब्द सापडायला वेळ लागतो आणि तो शब्द मी तिच्या तोंडातून ओढून घेत नाही. "मला घरी जायचंय" म्हणाली तर "हेच तुझं घर आहे" असं म्हणत नाही, "तुझ्या घरी अंगणात काय होतं गं?" असं विचारतो. आणि ती अचानक एक-दोन दिवसांत खूपच गोंधळली तर ते आजारपणाचंच असेल असं धरून चालत नाही. लघवीच्या संसर्गासारखं साधं कारणही असू शकतं, म्हणून डॉक्टरांकडे नेतो.

यातलं बरंचसं जगात आधीच शिकून झालेलं आहे. नेओमी फाईल नावाच्या समाजकार्यकर्त्या अमेरिकेत वृद्धांबरोबर काम करायच्या. चुका सुधारत बसण्यापेक्षा समोरच्याच्या भावनेला दाद द्या, या विचारावर त्यांनी एक सगळी पद्धत उभी केली. माझी आई त्यांचं नाव ओळखत नाही. ती मेथी निवडता निवडता तिथे पोहोचली.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा की भारतात साठीच्या पुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे. म्हणजे हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या ना कुणाच्या घरात अशी एक बाल्कनी असणार.

श्लोकातला विसरलेला शब्द

या श्लोकातला शेवटचा भाग मी कायम घाईत वाचायचो: स्वाध्यायाचा अभ्यास. बोलण्याच्या चार अटींनंतर एकदम पठण कशाला आलं?

आता कळतं. आजीशी गप्पा दिवसेंदिवस कमी होत चालल्यात. वाक्यं अर्ध्यावर तुटतात. पण संध्याकाळी देवापाशी दिवा लावून हरिपाठ सुरू केला की ती ओळीमागून ओळ म्हणते. मी अडखळतो, ती अडखळत नाही. माझं नाव तिला येत नाही, ज्ञानदेवांचे शब्द येतात. त्या वेळी कुणी बरोबर नसतं, कुणी चूक नसतं, कुणाला काही आठवून दाखवायचं नसतं. बोलण्यासारखं काही उरलं नाही की जे बरोबर म्हणता येतं, ते स्वाध्याय. आता बाबाही रोज तिच्या शेजारी बसून टाळ धरतात. आई कुठे उरली, हे त्यांनी मला पुन्हा विचारलेलं नाही.

एक भीती मात्र मला बरेच दिवस होती. आठव्या अध्यायात भगवंत म्हणतात की अंतकाळी जो माझं स्मरण करतो तो मला येऊन मिळतो. मग जिचं स्मरणच चाललंय, तिचं काय? एवढ्या एकादशा, एवढे हरिपाठ, सगळं वाया?

पंधराव्या अध्यायात, योगायोगाने पंधराव्याच श्लोकात, ते सांगतात की स्मृती माझ्यापासून येते, ज्ञानही, आणि त्यांचं जाणंही. म्हणजे विसरणंसुद्धा त्याच्या हाताबाहेर नाही. आणि वैष्णव परंपरेत वराह चरम श्लोक म्हणून जे वचन जपलं जातं, त्याचा भावार्थ असा: मन आणि शरीर धड असताना ज्याने माझं चिंतन केलं, तो शेवटी लाकडासारखा, दगडासारखा पडून राहिला, त्याला माझी आठवण राहिली नाही, तरी मी त्याची आठवण ठेवतो आणि त्याला परम गतीला नेतो.

म्हणजे तिच्या वाटणीचं आठवायचं काम देवाने आपल्याकडे घेतलंय. त्यातला छोटासा वाटा आपल्याकडेही आहे, असं मला वाटतं. कंदी पेढ्यांचं पुडकं, पहाटेचं ते भांडण, हे आता आजीच्या वतीने मी आठवायचं.

आजची साधना: तुमच्या घरात कुणी विसरायला लागलं असेल, तर आज एकदा तरी त्यांची चूक सुधारू नका. जवळ बसा. प्रश्नाच्या मागे काय आहे ते ऐका. आणि घरात असं कुणी नसेल, तर आज जे बोलाल ते समोरच्याच्या लक्षात राहणार नाही असं समजून बोलून बघा. फक्त ते ऐकून त्याला काय वाटलं, तेवढंच राहणार आहे. काय बोलाल?

काल संध्याकाळी आजी बाल्कनीतून आत आली आणि मला म्हणाली, "हे आले नाहीत अजून. तू थांबतोस का माझ्याजवळ?"

थांबतो म्हणालो. लॅपटॉप बंद केला.

राम कृष्ण हरी.